आवाज नंतर भरतात

११ एप्रिल १९७२, मंगळवार

काम मिळालं. तेही भांडणामुळे. कॉलेज सोडल्यापासून बाबा रोज ऐकवतात, की तुझ्या डोक्यातला जाळ तुला कुठे पोचवणार नाही. आज पोचवलं.

रोमचे सिनेमावाले आलेत. बंदरावरच्या कमानींखाली त्यांचे दिवे, तारा, गाड्या, सगळा संसार पसरलाय. गर्दीत उभं राहायला माणसं हवीत असं कळलं म्हणून रांगेत लागलो. अर्ध्या तासाने एक टोणगा सरळ पुढे घुसला. मी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "तू कोण पोलीस लागून गेलास का?" मी म्हणालो, "पोलिसाचा मुलगा लागून गेलोय, चल मागे!" आणि ढकलला. तेवढ्यात टेबलामागचा टकला माणूस ओरडला, "याला घ्या! हाच माझा पोलीस!"

तो दिग्दर्शक ब्रांका. सिनेमा असा, की कमिशनर तस्करांचा मिंधा झालेला आहे, सगळं खातं पोखरलंय, आणि एकटा तरुण शिपाई सरळ आहे. तो शेवटी गोळी खातो. तो मी!

टेबलाशी एक मुलगी बसली होती. नाव विचारलंन, मी सांगितलं. परत विचारलंन. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "एलिओ डापेलो. कळलं मला पहिल्यांदाच. तू लाल होतोस ते बघत होते."

तिचं नाव लिव्हिया. रोमची आहे. हे मी का लिहितोय? झोप येत नाही म्हणून.

बाबांना सांगितलं. ते बूट पुसत होते. म्हणाले, "म्हणजे पोलीस पैसे खातात हे दाखवणार, आणि हवालदाराचा पोरगा त्यात नाचणार. छान. जूनमध्ये मला निरोप देणारेत, पदक देणारेत. तेव्हा पडद्यावर तूच सलाम ठोक."

"मी सरळ पोलीस आहे त्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच गोळी घालतात वाटतं," बाबा म्हणाले, आणि दुसरा बूट घेतला.

१३ एप्रिल

अपमान! दोन रात्री जागून संवाद पाठ केले. आरशासमोर म्हटले. आज पहिला शॉट. मी छाती फुगवून सुरू केलं, "कमिशनर साहेब, हा गणवेश..." तर ब्रांका कर्ण्यातून ओरडला, "ए, हे काय बडबडतोयस? आकडे म्हण, आकडे!"

भानगड अशी, की इथे आवाज घेतच नाहीत. कॅमेरा गिरणीसारखा घरघरतो, ब्रांका शॉट चालू असतानाच "डावीकडे वळ, म्हसोबा!" असं कर्ण्यातून ओरडत असतो. आवाज नंतर रोममध्ये भरतात, तोही दुसऱ्याच कुणाचा. बडे नट आपले संवाद म्हणतात. आमच्यासारख्यांनी नुसते ओठ हलवायचे. एक, दोन, तीन, चार.

"माझा आवाज काय वाईट आहे?" मी विचारलं.

"तुझ्या आवाजाला मासळीचा वास येतो," ब्रांका म्हणाला. "तुझं नाक चांगलंय. मी नाकाचे पैसे देतोय."

मी निघूनच जाणार होतो. पण लिव्हिया कॅमेऱ्याशेजारी बसलेली असते. कोण काय म्हणालं, कोण कुठे थांबलं, हे टिपून ठेवणं तिचं काम. त्यावरून रोममध्ये ओठांना शब्द बसवतात. ती मला म्हणाली, "रागाचा प्रसंग असला की एक ते दहा. त्यात दात दिसतात. प्रेमाचा असला की वीसच्या पुढे जा, ओठ मऊ पडतात."

"आणि मरायचा?"

"मरताना शून्य म्हण. तोंड आपोआप उघडं राहतं."

सबंध संध्याकाळ मी वीसच्या पुढेच आहे.

१७ एप्रिल

तीन दिवस काही लिहिलं नाही कारण फार सुखात होतो. ऊन, वारा, फुकट जेवण, आणि ती. गणवेश मला बाबांपेक्षा बरा बसतो. काल फाटकावरच्या खऱ्या शिपायाने मला चुकून सलाम केला.

एकच काटा. कमिशनरचं काम करणारा तो पावडर फासलेला नट. आज त्याने लिव्हियाला स्वतःच्या गाडीतून हॉटेलवर सोडलं. मी त्याच्या गाडीच्या टपावर मूठ मारली. टप चेपला. माझा हातही सुजलाय. उद्या शॉटमध्ये हाताची पट्टी दिसेल म्हटलं, तर ब्रांका म्हणाला, "राहू दे, शोभतेय."

आज तस्करांचा म्होरक्या ठरला. मोल्फिनो! कमानींखाली तळलेल्या माशांचं दुकान चालवतो तो म्हातारा. तरुणपणी हा खरंच तस्कर होता, सिगारेटी आणायचा, हे अख्ख्या बंदराला माहीत आहे. ब्रांका त्याच्या दुकानात बांगडे खायला गेला आणि त्याचं तोंड बघून खाणंच विसरला. मोल्फिनोला एक ओळ पाठ होत नाही. वरची कवळीही सैल. पण आकडे येतात. "आयुष्यभर तेच केलंय," म्हणाला.

घरी बाबांना सांगितलं तर चमचा तोंडाशी थांबला. "मोल्फिनो? आणि तू?" म्हणाले. "समोरासमोर?"

"मी त्याला अटक करतो. कानाखाली देतो."

बाबांनी खाली मान घालून सूप संपवलं. ते मोल्फिनोच्या कमानीखालून कधी जातच नाहीत, लांबून वळसा घालतात. तळणाचा वास सोसत नाही म्हणतात. वय झालं आता त्यांचं.

२० एप्रिल

आजचं सगळं लिहितो.

आज अटकेचा प्रसंग होता. धक्क्यावर मोल्फिनो खोक्यावर बसलेला, मी त्याच्या पुढ्यात. कॅमेरा जवळ आणलेला, दोघांचे नुसते चेहरे. मी दरडावायचं, त्याने छद्मी हसायचं, मी कानाखाली द्यायची. कॅमेरा घरघरायला लागला. ब्रांकाचा कर्णा सुरू झाला, "जवळ जा! अजून! डोळ्यांत बघ!"

मी म्हणालो, "एक, दोन, तीन." तो म्हणाला, "चार, पाच, सहा." आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग मला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलायला लागला.

"अगदी तोच दिसतोस रे. असाच आला होता तुझा बाप मला धरायला. ह्याच धक्क्यावर. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. होडीत सिगारेटी होत्या, आणि एक डबा त्या नव्या औषधाचा, जे सोनं विकूनही मिळत नव्हतं. तू सव्वा वर्षाचा होतास. मेंदूला ताप चढला होता. त्याने डबा घेतला, आणि पाठ केली. मी होडी रिकामी करून गेलो."

मी मारली. खरी मारली. कवळी उडून दगडांवर टणटण करत गेली. ब्रांका नाचायला लागला, "थांबवू नका! चालू ठेवा! तोंड! तोंड बघा दोघांचं!"

मोल्फिनो गालावर हात धरून हसत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मारल्यामुळे असणार.

ज्या बाबांनी मला लहानपणी, दुसऱ्याच्या झाडाचं लिंबू तोडलं म्हणून परत नेऊन माफी मागायला लावली, ते!

२१ एप्रिल

सकाळीच त्याच्या दुकानात गेलो. फोडून काढायचा असं ठरवून. मोल्फिनो मासे पिठात घोळवत होता. गाल सुजला होता.

"बस," म्हणाला. "खाणार?"

"खोटं बोललास असं कबूल कर."

"करतो. खोटं बोललो. झालं?"

आता याला काय मारणार?

"का सांगितलंस?" मी विचारलं. "कॅमेऱ्यासमोर?"

"वाईट सांगायला नाही रे सांगितलं. तो गणवेश, ते नाक. एकदम तोंडातून गेलं. मी हसावं की रडावं मला कळेना." त्याने मासा तेलात सोडला. "पुढे सगळी वर्षं मी त्याला काहीबाही देऊ बघितलं. नाताळात गोड पाव, चर्चमध्ये तुझं पहिलं प्रसादग्रहण होतं तेव्हा घड्याळ. एक तळलेली मासोळीसुद्धा घेतली नाही. मला तीनदा तुरुंगात घातलंन. नंतर मीच धंदा सोडला, म्हटलं ह्याच्याशी कोण डोकं लावणार. तुला सांगतो, एकदा पाठ केलेला पोलीस फार वाईट. तो पुन्हा कधीच पाठ करत नाही."

"कुणाला सांगितलंयस?"

"तुला. आणि तेही आवाज बंद असताना."

मी न खाता निघालो. मग परत जाऊन खाल्लं. चांगला तळतो.

२२ एप्रिल

लिव्हियाने जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "त्या शॉटमध्ये सहानंतर तुम्ही मोजत नव्हता. म्हातारा बोलत होता. काय म्हणाला? मला टिपायचंय."

"तुला काय करायचंय?" मी ओरडलो. "दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचा धंदा तुझा!"

"हो," ती म्हणाली. "त्याचे पैसे मिळतात मला." आणि पाव उचलून दुसरीकडे जाऊन बसली.

मी गाढव आहे. गेले दहा दिवस मी एवढाच विचार करत होतो, की ती आपणहून माझ्याशी बोलायला आली तर काय बोलायचं.

घरी बाबा गणवेशाची बटणं घासत होते. निरोपाच्या दिवसासाठी आतापासूनच. मी बघत बसलो. किती हळू घासतात. विचारावं असं दहादा जिभेवर आलं. शेवटी "मीठ कुठाय?" असं विचारलं.

२५ एप्रिल

आज सुट्टी. रोमहून धुऊन आलेली फिल्म बघायला ब्रांकाने सकाळी एक थिएटर उघडून घेतलं. मी पडद्यावर! नाक खरंच चांगलंय.

मग तो शॉट आला. आवाज नाही, काही नाही. मोल्फिनोचं सुरकुतलेलं तोंड हलतंय, आणि समोर माझा चेहरा. मला कळेना हा कोण. कुणीतरी माझ्या आतून मला ओढून नेतंय असा. मग ती थप्पड. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

दिवे लागल्यावर ब्रांका माझ्या शेजारी येऊन बसला. पहिल्यांदाच हळू बोलला. "पोरा, म्हातारा काय म्हणाला तुला? जे काय असेल ते सोन्याच्या मोलाचं आहे. मी तेच वाक्य त्याच्या तोंडी घालतो. गरज पडली तर सबंध गोष्ट त्याच्याभोवती फिरवतो. तू रोमला ये. महिनाभर आमच्याबरोबर राहा. तुझा आवाज तूच भरायचा. मासळीच्या वासासकट!"

महिनाभर. रोम. लिव्हिया रोज शेजारी, अंधाऱ्या खोलीत.

"उद्या सांगतो," म्हणालो.

"उद्या लिव्हियाला सांग. ती लिहून घेईल."

संध्याकाळपासून विचार करतोय. नावं बदलली तर कुणाला कळणार? पण बंदरावर कोण कुणाला ओळखत नाही? पडद्यावर मोल्फिनोचं तोंड, समोर डापेलोचं नाक, आणि वाक्य तेच. निरोपाच्या टेबलाशी बसलेले सगळे मान खाली घालून हसतील. पदक हातात, आणि पाठीमागे कुजबुज: डबा घेतला होता म्हणे.

मला राग बाबांचा येतोय की ब्रांकाचा, हेच कळेना. बाबांचा यायला हवा. ज्या औषधाने मी जगलो त्याच्यावर कसं रागवायचं, ही अवघड गोष्ट आहे.

२६ एप्रिल

खोटं बोललो. चक्क, तोंड वर करून.

ब्रांका आणि लिव्हिया दोघं समोर. मी म्हणालो, "तो जुन्या बोलीत आकडे मोजत होता. आमच्या कोळ्यांची पद्धत. सहानंतर वेगळेच आकडे असतात."

"आणि तू ते ऐकून पिसाळलास?" ब्रांका म्हणाला.

"माझ्या तोंडावर थुंकी उडत होती. कवळी सैल आहे त्याची."

ब्रांकाने लिव्हियाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ. मग पेन उघडलंन आणि विचारलंन, "कितीपर्यंत मोजले?"

"सतरा."

"सतरा," तिने म्हटलं, आणि लिहिलंन. "तसेच दिसतात ओठ. मी तपासलंय. आकडेच आहेत."

ब्रांका उठून गेला. "एवढा चेहरा, आणि आत सतरा!" असं काहीतरी पुटपुटत. आता त्या ठिकाणी साधीच शिवी भरतील. रोम गेलं. माझा आवाज गेला.

बाबांचं नाव वाचलं म्हणून हलकं वाटतंय, हे खरं. सबंध दुपार शीळ घालत होतो. पण लिव्हियाचं आश्चर्य वाटतं. एवढी हुशार, सहा वर्षं हेच काम करते, आणि इतकी ढोबळ थाप तिच्या लक्षात येऊ नये? लक्षच नसेल. माझ्याबद्दल तिला काहीच वाटत नाही याचा आणखी काय पुरावा हवा?

२९ एप्रिल

आज मेलो. तीनदा. तिसऱ्यांदा ब्रांकाला पटलं. शून्य म्हणून पडलो आणि तोंड उघडं ठेवलं, तर त्यात माशी गेली.

शेवटचा दिवस म्हणून मोल्फिनोने सगळ्यांना मासे खिलवले. पैसे घेतले नाहीत. ब्रांकाने त्याला मिठी मारली, कवळी सांभाळून. उद्या दुपारच्या गाडीने सगळे रोमला.

मी लिव्हियाला गाठलं आणि त्या दिवशीच्या ओरडण्याची माफी मागितली. ती म्हणाली, "एक सांग, सतरा म्हणताना ओठ किती वेळा मिटतात, माहीत आहे तुला?"

"नाही."

"मला आहे," म्हणाली. थोडा वेळ थांबली. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "तू ना, खरंच फक्त नाक आहेस," आणि गाडीत जाऊन बसली. त्या पावडरवाल्याच्या गाडीत नाही, सामानाच्या ट्रकमध्ये.

चिडली. का ते देव जाणे. रोमच्या मुलींचं काही समजत नाही.

३० एप्रिल, रविवार

अक्षर वाकडं येतंय, गाडी हलतेय. सांगतो.

सकाळी बाबा खलबत्त्यात बेसिलची पानं कुटत होते. रविवारचं तेच काम करतात, मला हात लावू देत नाहीत. कुटता कुटता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोल्फिनोची कवळी पाडलीस म्हणे. सगळं बंदर बोलतंय. काय म्हणाला तो तुला?"

"आकडे," मी म्हणालो.

"किती?"

"सतरापर्यंत."

बत्ता थांबला नाही, पण हळू झाला. "बरेच मोजले," म्हणाले. बस्स. लसूण टाकला.

मी घाईघाईने दुसरा विषय काढला, लिव्हियाचा. सगळंच सांगितलं. ती कशी विचारायला आली, मी कशी थाप मारली, तिने कशी मुकाट लिहून घेतली, वर ब्रांकाला "तपासलंय" म्हणाली, आणि काल ओठ मिटण्याचं काय बोलली.

"थांब," बाबा म्हणाले. "त्या मुलीला ओठ वाचता येतात?"

"तेच तर काम तिचं."

"म्हणजे म्हातारा काय म्हणाला ते तिला कळलं होतं."

"आता वाटतंय तसं."

"आणि साहेबासमोर तिने सतरा लिहिलं. स्वतःच्या सहीने."

"हो."

बाबांनी बत्ता ठेवला. हात पुसले. माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांत असं बघितल्याचं मला आठवत नाही.

"मी सबंध नोकरीत एकदाच खोटी नोंद केली," म्हणाले. "होडी रिकामी होती, अशी. ती काय मोल्फिनोच्या प्रेमापोटी केली होती, गाढवा?"

बाबांचा आवाज नेहमीचा नव्हता. पण लगेच ओरडले, "बसलास काय? गाडी किती वाजता आहे तिची?"

"दीडची. पण जेवण..."

"मी एकटा जेवतो. कोट घे. आणि ते पदकाच्या दिवशी परत ये, माझ्या शेजारी बसायला कुणीतरी हवं."

जिने तीन-तीन उड्या मारत उतरलो. वाटेत एका टॅक्सीवाल्याशी भांडलो, एका बाईची भाजी सांडली, आणि गाडी हलल्यावर शेवटच्या डब्याला लटकलो. तिकीट नाही. लिव्हिया चौथ्या डब्यात सापडली, खिडकीशी. मला बघून हसली नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतलीन.

बराच वेळ आम्ही समुद्र बघत होतो. बोगदे येत होते, जात होते. मग ती म्हणाली, "आता इथे ब्रांका नाही, कुणी नाही. खरं सांग. म्हातारा काय म्हणाला?"

मी पुष्कळ विचार केला. तिला माहीत आहे, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "आकडे."

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. काचेत दिसत होतं, ती हसत होती.

"बरं झालं," म्हणाली. "दुसरं काही सांगितलं असतंस, तर स्पेत्सिया स्टेशनावर उतरवणार होते."

स्पेत्सिया आत्ताच गेलं.